ऱ : लेखन, टंकलेखन व संगणकीय संकेतन

ऱ : देवनागरी लिपीतील एक व्यंजनचिन्ह. र या अक्षराखाली टिंब देऊन ते लिहितात. पूर्ण रूपात हे अक्षर मराठी लेखनात सामान्यतः येत नाही; त्याचे अर्धे रूप मात्र ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’ यांसारख्या शब्दांत पदोपदी येते. पुढील अक्षराच्या डाव्या अंगाला जोडलेल्या बारीक कोरीसारखे हे रूप दिसते. पाश्चात्त्य तांत्रिक ग्रंथांत त्याला पापणीच्या केसावरून नाव पडले आहे. मराठी शालेय परंपरेत ते रफाराचा एक प्रकार म्हणूनच शिकविले जाते. हस्तलेखनात व खिळ्यांच्या छपाईत या चिन्हाने फारशी अडचण उपस्थित केली नाही. संगणकात मात्र एका अक्षराला एक संकेतांक ही व्यवस्था आल्यावर हे चिन्ह नेमके कोणते अक्षर मानावयाचे, असा प्रश्न निर्माण झाला. त्याची दोन वेगवेगळी उत्तरे दिली गेली आणि दोन्ही मान्य झाली. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राच्या दृष्टीने दोन शब्द ठरू शकतो.

लेखनातील स्वरूप : मराठीत र् या व्यंजनाची जोडाक्षरांतील रूपे प्रामुख्याने चार आहेत. र् आधी आला, तर पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार येतो (अर्क, सूर्य). र नंतर आला, तर आधीच्या अक्षराच्या दंडाला तिरकी रेघ जोडली जाते (क्रम, प्रत). ट, ड यांसारख्या गोल बुडाच्या अक्षरांखाली त्याच र ला घरट्याच्या छपरासारखा आकार येतो (राष्ट्र). चौथे रूप प्रस्तुत चिन्हाचे असून ते मुख्यत्वे य व ह या अक्षरांपूर्वी येते.

रफार व हे चौथे रूप यांतील भेद केवळ लेखनशैलीचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ हे रूप आचार्य या शब्दाचे, तर ‘आचाऱ्यांना’ हे आचारी म्हणजे स्वयंपाकी या शब्दाचे. ‘दर्या’मध्ये र् चा आघात आधीच्या द वर येऊन ते अक्षर गुरू होते, ‘दऱ्या’मध्ये असा आघात येत नाही आणि द लघूच राहतो. म्हणजे अर्थ, उच्चार व छंदातील मात्रा या तिन्ही बाबतींत हा भेद परिणामकारक आहे. संस्कृतातून आलेल्या तत्सम शब्दांत रफार येतो (कार्य, धैर्य, आर्य), तर मराठीत घडलेल्या रूपांत बहुधा कोरीचे चिन्ह येते. री किंवा रा यांनी शेवट होणाऱ्या असंख्य शब्दांची सामान्यरूपे अशीच होतात, उदा., पुढारी–पुढाऱ्याला, नवरा–नवऱ्याला, कोरा–कोऱ्या. त्यामुळे हे चिन्ह दुर्मिळ शब्दांपुरते नसून रोजच्या गद्यातील जवळजवळ प्रत्येक पानावर आढळते.

हिंदीच्या रूढ लेखनात या रूपाची गरज भासत नाही. मराठीखेरीज कोकणी, नेपाळी व नेवारी या भाषांच्या देवनागरी लेखनात ते वापरले जाते. देवनागरीची यांत्रिक साधने अनेकदा हिंदी डोळ्यांसमोर ठेवून घडविली गेली. हे चिन्ह त्यांत गौण ठरण्याचे ते एक महत्त्वाचे कारण होय.

कोल्हापूर परिसरातील उदाहरणे : कोल्हापूर जिल्ह्याची स्थलनामे व व्यवसायवाचक शब्द या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्यास विशेष उपयुक्त आहेत. मराठीत म्ह, न्ह, ल्ह आणि ऱ्ह अशी महाप्राण उच्चारांची एक मालिका आहे. ‘कोल्हापूर’ या नावात ल्ह, ‘पन्हाळा’ या नावात न्ह आणि ‘गुऱ्हाळ’ या शब्दात ऱ्ह येतो. पहिल्या दोहोंसाठी ल व न यांची नेहमीची अर्धी रूपे पुरतात. ऱ्ह साठी मात्र र चे नेहमीचे अर्धे रूप, म्हणजे रफार, चालत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरी पेठेमुळे कोल्हापूर गुळाच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. उसाच्या रसाचा गूळ जेथे होतो ते गुऱ्हाळ. चुलवाण, काहील, ढेप व गुळव्या हे या व्यवसायातील बाकीचे नेहमीचे शब्द कोणत्याही मराठी कळफलकावर सहज उमटतात. व्यवसायाचे नाव तेवढे नवख्या टंकलेखकास अडवते. जिल्ह्यातील आजरा या तालुक्याचे नाव मूळ रूपात सोपे आहे. तथापि त्याला विभक्तिप्रत्यय लागताच ‘आजऱ्यात’, ‘आजऱ्याचा घनसाळ तांदूळ’ अशी रूपे होतात. सह्याद्रीच्या वर्णनात येणाऱ्या ‘दऱ्याखोऱ्या’ या एका शब्दात तर हे चिन्ह दोनदा येते.

या परिसराचा आणखी एक संबंध ऱ या अक्षराच्या दुसऱ्या बाजूशी आहे. शिलाहार राजवटीतील येथील अनेक कोरीव लेख कन्नड भाषेत आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातही कन्नड लेख असून तेथेच यादव राजा सिंघण याचा देवनागरीतील संस्कृत लेख आहे. प्राचीन कन्नड भाषेत नेहमीच्या र खेरीज कठोर उच्चाराचा आणखी एक र होता व त्यासाठी स्वतंत्र अक्षर होते. पुढे हा उच्चार साध्या र मध्ये मिसळून गेला आणि ते अक्षर व्यवहारातून लोपले. तमिळ व मलयाळम् लिप्यांत अशा र चे अक्षर आजही चालू आहे. द्राविडी भाषांतील मजकूर देवनागरीत उतरवून घेताना हा कठोर र दाखविण्यासाठी र खाली टिंब देण्याची पद्धत पडली. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये भारतीय भाषांच्या लिप्यंतरासाठी जी परिवर्धित देवनागरी प्रसिद्ध केली, तीत अशा विशेष चिन्हांचा समावेश होता. मराठीच्या कोरीच्या चिन्हाचा या द्राविडी अक्षराशी मुळात काही संबंध नव्हता. तो संगणकाच्या संकेतनात जोडला गेला.

मुद्रणातील पूर्वपीठिका : खिळ्यांच्या छपाईत अक्षराची ओळख म्हणजे त्याचा आकार. जुळारी पेटीतील योग्य घरातून खिळा उचलतो आणि ओळीत बसवितो; तो खिळा भाषेतील कोणत्या वर्णाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सुबक वळण दिले, ते दीर्घकाळ आदर्श मानले गेले. अशा पेट्यांत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा व रफार यांची घरे शेकड्यांनी असत. कोरीचे चिन्ह हे त्यांतील एक अर्धे अक्षर होते.

खिळ्यांची ही मोठी संख्या कमी करावी, असे प्रयत्न पुढे सुरू झाले. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईच्या निमित्ताने या प्रश्नात लक्ष घातले होते. हरि गोविंद गोविल यांनी १९३३ च्या सुमारास देवनागरीसाठी लायनोटाइप यंत्राची जुळणी सिद्ध केली. टंकलेखनयंत्रात तर कळांच्या चार ओळी आणि प्रत्येक कळीला दोन चिन्हे एवढीच जागा होती. तेव्हा अक्षरे पूर्ण न ठेवता त्यांचे तुकडे ठेवावेत आणि टंकलेखकाने ते जोडून शब्द उभा करावा, हा मार्ग पत्करण्यात आला. टंकलेखनयंत्रानेही आकारच छापला. वर्णाची ओळख वाचणाऱ्याच्या मनात राहिली.

संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाल्यावर आरंभी याच पद्धतीचे अनुकरण झाले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत निरनिराळ्या कंपन्यांनी मराठी टंक तयार केले. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसविणे, ही त्यांची सर्वसाधारण रीत होती. एका टंकात ज्या अंकावर कोरीचे चिन्ह असे, त्याच अंकावर दुसऱ्या टंकात एखादी मात्रा असे. एका छापखान्यात तयार झालेला मजकूर तोच टंक नसलेल्या यंत्रावर उघडला, तर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मजकूर छापता येई. पण शोधता, वर्णक्रमाने लावता किंवा खात्रीने जतन करता येत नसे.

संकेतनाचा इतिहास : संगणकाच्या स्मृतीत अक्षर साठत नाही, अंक साठतो. कोणता अंक कोणत्या अक्षराचा, हे ठरविणाऱ्या कोष्टकास संकेतन म्हणतात. भारतीय लिप्यांसाठी असे कोष्टक ठरविण्याचे काम शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या पुढाकाराने १९८० नंतरच्या दशकात झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या दिशेने आधीपासून संशोधन चालू होते. त्यातून जिस्ट हे तंत्रज्ञान उदयास आले. मोहन तांबे यांचा त्यात प्रमुख वाटा होता. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तेथे पुढे नेण्यात आले आणि वैयक्तिक संगणकात बसवावयाच्या जिस्ट कार्डामुळे मराठी लेखन सुलभ झाले. भारतीय मानक संस्थेने आयएस १३१९४ : १९९१ या क्रमांकाने हे संकेतन प्रमाण म्हणून स्वीकारले. ते इस्की या संक्षिप्त नावाने ओळखले जाते.

इस्कीची मूळ कल्पना महत्त्वाची आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांची वर्णमाला स्थूलमानाने एकच असल्यामुळे सर्वांना एकच कोष्टक लावण्यात आले. क या वर्णाचा अंक देवनागरी, कन्नड किंवा तमिळ या सर्व लिप्यांत एकच. लिपी बदलली की केवळ आकार बदलतो. यासाठी कोष्टकात सर्व लिप्यांतील वर्णांची बेरीज असणे आवश्यक होते. म्हणून द्राविडी कठोर र लाही एक जागा मिळाली. साध्या र चा अंक २०७ असून लगतचा २०८ हा ऱ चा आहे. देवनागरीत हे अक्षर पूर्ण रूपात क्वचितच लागणार, हे उघड होते. उलट मराठीला कोरीच्या चिन्हासाठी जागा हवी होती आणि ती नेहमीच्या र + हलन्त या क्रमाने देता येत नव्हती, कारण त्या क्रमाचा अर्थ रफार असा ठरला होता. तेव्हा ऱ पुढे हलन्त आल्यास त्याचे अर्धे रूप म्हणून कोरीचे चिन्ह दाखवावे, असा नियम करण्यात आला. अशा रीतीने द्राविडी लिप्यांसाठी राखलेल्या घरात मराठी चिन्हाची सोय झाली.

जगातील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या स्वरूपावर आधारलेली होती. मात्र प्रत्येक लिपीला १२८ जागांचा वेगळा गट देण्यात आला. देवनागरीचा गट षोडशमान पद्धतीने ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे. त्यात र चा अंक ०९३०, ऱ चा ०९३१, ल चा ०९३२ व ळ चा ०९३३ आहे. सर्व गटांतील क्रम समांतर ठेवल्यामुळे तमिळ, तेलुगू, कन्नड व मलयाळम् या गटांतही कठोर र नेमका त्याच सापेक्ष स्थानी सापडतो, उदा., कन्नडचा गट ०सी८० पासून सुरू होतो व तेथील हे अक्षर ०सीबी१ या अंकावर आहे. बंगाली किंवा गुजराती गटांत ती जागा रिकामी आहे. कोष्टकातील या रचनेवरून ऱ च्या द्राविडी मुळाची साक्ष आजही पटते.

दोन संकेतक्रम, एक रूप : युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीत कोरीच्या चिन्हासाठी वेगळाच मार्ग होता : साधा र, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. हा जोडक म्हणजे २००डी या अंकाचे एक अदृश्य चिन्ह होय. ते स्वतः काही छापत नाही. आधीच्या व्यंजनाचे अर्धे रूप दाखवावे, एवढी सूचना ते यंत्रास देते. पुढे इस्कीशी सुसंगती राखण्यासाठी ऱ + हलन्त हा मार्ग मुख्य नियम म्हणून नोंदविण्यात आला. तथापि आधी लिहिलेला मजकूर निरर्थक ठरू नये म्हणून जुना मार्गही ग्राह्य ठेवण्यात आला. परिणामतः ‘गुऱ्हाळ’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात ग, उकार, ऱ, हलन्त, ह, आकार व ळ असे ७ संकेतांक येतात. दुसऱ्या प्रकारात ऱ च्या जागी र येतो व हलन्तानंतर अदृश्य जोडक येतो, म्हणून संकेतांकांची संख्या ८ होते.

युनिकोडचे अंक प्रत्यक्ष साठविण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ऱ साठी ते ई०, ए४ व बी१ असे येतात. त्यामुळे पहिल्या प्रकारचा शब्द २१ बाइटचा, तर दुसऱ्या प्रकारचा २४ बाइटचा होतो. कागदावर वा पडद्यावर दोहोंत काहीच फरक दिसत नाही.

आणखी एक तिसरा क्रमही संभवतो. ऱ हे अक्षर र व त्याखालील नुक्ता (०९३सी) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. युनिकोडने हे दोन प्रकार तत्त्वतः समान मानले आहेत आणि मजकुराचे प्रमाणीकरण करणारी प्रणाली त्यांना एकरूप करते. अदृश्य जोडकाचा मार्ग मात्र या समानतेत येत नाही. प्रमाणीकरणानंतरही तो भिन्नच राहतो, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे.

संकेतांकांच्या क्रमावरून योग्य आकार निवडण्याचे काम टंक व आकारयोजन करणारी प्रणाली यांवर सोपविलेले असते. विंडोज २००० या कार्यप्रणालीपासून मराठीला युनिकोडचा आधार मिळाला. तीसोबत मंगल हा देवनागरी टंक आला. त्याचे आरेखन सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे होय. ओपनटाइप या व्यवस्थेत रफारासाठी एक नियम व अर्ध्या रूपांसाठी दुसरा नियम असतो. ऱ + हलन्त हा क्रम दुसऱ्या नियमाखाली येतो. टंककाराने तो आकार रेखाटलेलाच नसेल, तर संकेत अचूक असूनही पडद्यावर टिंबाचा र व त्याखाली हलन्त असे विस्कळित रूप दिसते.

टंकलेखन : भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट हा समान कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित करण्यात आला. इस्कीप्रमाणेच त्यात एका वर्णाची जागा सर्व लिप्यांत एकच असते. डाव्या हाताकडे स्वर व मात्रा आणि उजव्या हाताकडे व्यंजने, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी आहे. इंग्रजी जे या कळीवर र असून शिफ्टसह तीच कळ दाबल्यास ऱ उमटतो. हलन्ताची कळ इंग्रजी डी ही आहे. ‘गुऱ्हाळ’ लिहिण्यासाठी अनुक्रमे आय, जी, शिफ्टसह जे, डी, यू, ई व शिफ्टसह एन या कळा दाबाव्या लागतात. ७ संकेतांकांसाठी ७ आघात होतात व अदृश्य चिन्हाची गरज पडत नाही.

उच्चारानुसारी पद्धतीत वापरणारा रोमन अक्षरे टाइप करतो व प्रणाली त्यांचे देवनागरीत रूपांतर करते. रोमन लेखनात ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांचा भेद दाखविण्याची काही स्वाभाविक सोय नाही. म्हणून अशा प्रणालीत एक तर वेगळी खूण लक्षात ठेवावी लागते किंवा शब्दांच्या यादीतून योग्य पर्याय निवडावा लागतो. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर घाईने लिहिताना निवडीचा हा टप्पा पुष्कळदा गाळला जातो. ‘शेतकर्यांना’, ‘दुसर्या’ अशी रफाराची रूपे त्यामुळे पसरली आहेत. लेखकास नियम माहीत असतो, वाचकासही अर्थ संदर्भाने कळतो. परंतु लिखित मराठीतला एक भेद कळफलकाच्या गैरसोयीपायी झिजत जातो.

शोध व वर्णक्रम : मजकूर वाचला जातो तोवर दोन संकेतक्रमांचा प्रश्न जाणवत नाही. तो जाणवतो शोध घेताना. एखाद्या यादीत ‘कऱ्हाड’ हे नाव अदृश्य जोडकाने नोंदविले असेल आणि शोधणाऱ्याने ऱ ची कळ वापरली असेल, तर दोन्ही क्रम एकरूप न करणारी प्रणाली ते नाव यादीत नाही असे सांगते. मतदारांच्या, खातेदारांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या याद्यांत असा निष्फळ शोध केवळ तांत्रिक राहत नाही. नाव असूनही माणूस सापडत नाही. काही प्रणाली अदृश्य चिन्हे अनावश्यक समजून गाळतात. तसे झाल्यास जोडक जातो, र व हलन्त उरतात आणि कोरीच्या जागी रफार येऊन शब्दच बदलतो. आंतरजालावरील सर्वोच्च पातळीच्या क्षेत्रनामांत असे अदृश्य जोडक वर्ज्य असल्याने तेथे ऱ + हलन्त हाच मार्ग उपलब्ध आहे.

वर्णक्रमाचा विचारही वेगळा करावा लागतो. संकेतांकांचा क्रम म्हणजे भाषेचा वर्णक्रम नव्हे. ळ चा अंक ल च्या लगत असला, तरी मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. ऱ चे अर्धे रूप कोशात र् म्हणूनच धरले जाते. शब्दांची यादी केवळ अंकांच्या चढत्या क्रमाने लावली, तर ‘दऱ्या’ हा शब्द र ने सुरू होणाऱ्या सर्व जोडाक्षरांनंतर जाऊन पडेल. म्हणून वर्णक्रमाचे नियम संकेतनाहून निराळे लिहून ठेवावे लागतात व त्यांत भाषेनुसार फरक करावा लागतो.

ऐतिहासिक साधनांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. कोल्हापूर पुरालेखागारात करवीर संस्थानची मोडी लिपीतील विपुल कागदपत्रे आहेत. मोडी लिपीस युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत २०१४ मध्ये स्वतंत्र गट मिळाला. तथापि अभ्यासकांच्या सोयीसाठी अशी कागदपत्रे बहुधा बालबोधात उतरविली जातात. त्या वेळी लिप्यंतरकाराने ‘र्या’ व ‘ऱ्या’ यांत अचूक निवड केली नाही किंवा एकाच संग्रहात दोन्ही संकेतक्रम वापरले, तर पुढील संशोधकाला गावांची व व्यक्तींची नावे अपुरीच सापडतील.

रशियन अक्षराशी तुलना : अशी अडचण केवळ भारतीय लिप्यांपुरती नाही. सिरिलिक लिपीतील यो हे रशियन अक्षर ये या अक्षरावर दोन टिंबे देऊन लिहितात. त्याची सूचना १७८३ मध्ये झाली. १९५६ च्या रशियन लेखननियमांनी सामान्य मजकुरात टिंबे देणे ऐच्छिक ठेवले. त्यामुळे छापील मजकुरात यो च्या जागी पुष्कळदा नुसते ये आढळते आणि खरा उच्चार वाचकाने संदर्भाने ओळखावा लागतो.

संगणकातही या अक्षराला कडेचीच जागा मिळाली. सोव्हिएट काळात उगम पावलेल्या कोई-८ या संकेतनाची रचना चतुर होती : आठवा बिट गळाला, तरी रशियन मजकूर रोमन अक्षरांत उच्चारानुसार वाचता येई. या कोष्टकाच्या पुढील रूपात, तसेच विंडोजच्या १२५१ क्रमांकाच्या कोष्टकात, यो ला मुख्य वर्णमालेच्या ओळीबाहेर ठेवावे लागले. युनिकोडमध्येही लहान लिपीतील ३२ अक्षरे ०४३० ते ०४४एफ या अंकांवर सलग असून यो एकटाच ०४५१ या अंकावर आहे. ऱ प्रमाणेच त्याचेही मूळ अक्षर व वरील टिंबे असे विघटन होते व दोन्ही रूपे समान मानली जातात. रशियन कळफलकावर त्याची कळ डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, बोटांच्या नेहमीच्या टप्प्याबाहेर आहे. एका दस्तऐवजात आडनाव यो ने व दुसऱ्यात ये ने लिहिले गेल्यामुळे तेथील नागरिकांना ओळख पटविण्यात अडचणी आल्या आहेत. दोन्ही उदाहरणांत अक्षर अनावश्यक होते म्हणून मागे पडले असे नव्हे. ते लिहिणे शेजारच्या अक्षराहून किंचित कष्टाचे होते, एवढेच.

तुलनेत एक फरकही आहे. रशियन लेखनात यो ऐवजी ये लिहिणे नियमाने चालते. मराठीत ‘ऱ्या’ ऐवजी ‘र्या’ लिहिण्यास लेखननियमांची तशी संमती नाही. तो केवळ साधनाने लादलेला दोष होय.

सद्यःस्थिती : महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीसाठी प्रमाणित देवनागरी लिपी व वर्णमाला यांविषयी निर्णय प्रसृत केला आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्याची सुधारित आवृत्ती काढली. युनिकोडचा वापर शासकीय व शैक्षणिक व्यवहारात आता सर्वत्र रूढ झाला आहे आणि मराठीसाठी तयार केलेल्या बहुतेक टंकांत कोरीचे रूप व्यवस्थित दिसते. तथापि जुन्या टंकांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनांनी कधी एक, तर कधी दुसरा संकेतक्रम वापरल्यामुळे दोन्ही प्रकारचा मजकूर मोठ्या प्रमाणावर साठलेला आहे. पूर्वीचा सर्व मजकूर दुरुस्त करणे व्यवहार्य नाही. म्हणून नवे लेखन ऱ + हलन्त या क्रमाने करणे आणि शोधप्रणालीने दोन्ही क्रम समान धरणे, हाच उपाय उरतो. र्य व ऱ्य यांना मात्र कोणत्याही सोयीखातर समान धरणे इष्ट नाही, कारण ती दोन वेगळी अक्षरे आहेत.

एखादे चिन्ह यंत्रयुगात टिकण्यास तीन गोष्टी लागतात : कोष्टकात निश्चित संकेतांक, टंकात योग्य आकार आणि कळफलकावर सहज सापडणारी कळ. ऱ ला संकेतांक एकाऐवजी दोन मार्गांनी मिळाला, आकार उशिरा पण बहुतेक ठिकाणी मिळाला. कळ मात्र अजूनही अनेकांना ठाऊक नाही. गुऱ्हाळ, आजऱ्यात, शेतकऱ्यांना हे शब्द जसे उच्चारले जातात तसे लिहिले जाणे पुढील काळात या तिसऱ्या गोष्टीच्या प्रसारावर, म्हणजे शाळा व कार्यालये यांतील टंकलेखनशिक्षणावर, मुख्यतः अवलंबून राहील.